डावीकडं वळलं की घर फिरतं, आणि सगळे सांगतात डाव्या कुशीवरच झोप

पत्र थोडक्यात, नाव-गाव न देता : वय २७, पहिलं बाळंतपण, सहावा महिना नुकताच लागलाय. सासर कोरेगाव तालुक्यात, माहेर सांगली जिल्ह्यात. साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी, जाणं-येणं स्कूटीवरून. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवारी रात्री घरी येतो. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाल्यावर टेबलावरून उठताना छत गरगर फिरलं आणि अर्ध्या मिनिटात थांबलं. त्याला आता तीन आठवडे झाले. तेव्हापासून रात्री डाव्या कुशीवर वळलं की तसंच होतं, वरच्या फळीवरचा डबा काढताना होतं, पाया पडायला वाकलं तरी होतं. सासूबाई म्हणतात पित्त आहे, लिंबूपाणी घे. शेजारच्या काकू म्हणतात बीपी लो. चुलत सासरे म्हणतात मणक्यात गॅप असणार, मानेचा एक्स-रे काढा. डॉक्टरांना 'चक्कर येते' एवढं सांगितलं, त्यांनी हिमोग्लोबिन १०.६ आहे, गोळ्या चालू ठेवा, होतं असं म्हणून सांगितलं. मेडिकलमधून चक्करच्या गोळ्या आणल्यात, त्या पर्समध्येच आहेत. स्कूटी चालवताना भीती वाटते हे घरात कुणालाच सांगितलेलं नाही, सांगितलं तर नोकरी बंद करतील. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे, झोपाळा सजवायचं ठरलंय. तिचे प्रश्न : सोनोग्राफीनं काही झालं का, बाळाला धोका आहे का, डाव्या कुशीवर झोपू का, झोपाळ्यावर बसू का, आणि घरात सांगू की नको.

अगं, तुझं पत्र वाचताना मी स्कूटीपाशीच अडकले, म्हणून आधी तेवढंच बोलते, बाकीचं निवांत बोलू. तपासणी होऊन हे थांबेपर्यंत स्कूटी बंद. उद्यापासून. कोरेगाव-सातारा रस्त्यावर सीझनला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागून हॉर्न वाजला आणि तू पटकन मान वळवून वर बघितलंस आणि तेवढ्यात ते अर्धं मिनिट सुरू झालं तर काय होईल हे तुलाही माहितीये, नाहीतर तू ते पत्रात लिहिलंच नसतंस. एसटीनं जा, पुढच्या बाजूला खिडकीपाशी बस, नजर लांब रस्त्यावर ठेव, मोबाईल बघू नको. एवढं केलंस तर बाकी कशाची घाई नाही.

आता बाळाचं. तू जे वर्णन केलंयस ते जर तेच असेल जे मला वाटतंय, तर त्यानं बाळाला काहीही होत नाही. बाळ आपल्या पाण्यात मजेत आहे, तुझ्या कानात काय चाललंय ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. धोका असतो तो तू पडण्याचा, किंवा मळमळीमुळं जेवण-पाणी तुटण्याचा. आणि सोनोग्राफीनंही काही केलेलं नाही. तू त्या टेबलावर बराच वेळ सपाट, उताणी झोपली होतीस आणि मग एकदम उठलीस, तेवढंच निमित्त झालं. दाताच्या डॉक्टरकडच्या खुर्चीत मागं रेलल्यावर किंवा पार्लरमध्ये केस धुवायला मान मागं टाकल्यावर पहिला झटका आलेल्या बायका मी पाहिल्यात.

मी पंचवीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीच कान-नाक-घशाच्या ओपीडीत सांगली-मिरजेकडं गेली. डॉक्टर नाही मी, त्यामुळं निदान तुझं डॉक्टरच करतील. पण एक गोष्ट मी तिथं रोज बघितली आणि तीच तुझ्या पत्रात दिसतीये. पेशंट म्हणतो 'चक्कर येते', आणि ऐकणारा प्रत्येकजण आपापल्या मनातली चक्कर ऐकतो. सासूबाईंनी पित्त ऐकलं, काकूंनी बीपी, चुलत सासऱ्यांनी मणका, डॉक्टरांनी रक्त. कुणीच खोटं बोलत नाहीये, पण तू जे अनुभवतीयेस ते कुणी ऐकलेलंच नाही, कारण तू ते सांगितलंच नाहीस. मला पत्रात जसं लिहिलंस, 'डावीकडं वळलं की छत फिरतं आणि तीस आकडे मोजेपर्यंत थांबतं', हे वाक्य तू डॉक्टरांपुढं बोललीस का? नाही ना. तिथं बाहेर चाळीस बायका नंबर लावून बसलेल्या, तू म्हणालीस चक्कर येते, त्यांनी रिपोर्टमध्ये १०.६ बघितलं आणि विषय संपला.

आपल्या भाषेत याला शब्द किती आहेत बघ. उन्हातून आलं किंवा बसल्यावरून ताडकन उठलं की डोळ्यापुढं काळं होतं, ती अंधारी. शुद्धच हरपून खाली बसलं तर ती भोवळ. चालताना पाय एका बाजूला ओढल्यासारखे वाटतात तो झोक जाणं. आणि आपण जागच्या जागी असताना घर, छत, पंखा फिरायला लागतो ते गरगरणं. चारी वेगळी आहेत, चारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. तुला होतंय ते गरगरणं आहे, आणि गरगरण्याचा पहिला संशय कानावर घ्यायचा असतो.

कान म्हटलं की आपल्याला ऐकणं आठवतं. पण कवटीच्या हाडात, अगदी आत, दोन्ही बाजूंना एकेक यंत्र असतं तोल सांभाळायचं. त्यात तीन बारीक गोल नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या, आणि त्यात पाण्यासारखा द्रव. लहानपणी फुगडी घातलीयेस ना? फुगडी थांबते पण अंगण फिरतच राहतं. ते का, तर आपण थांबलो तरी नळीतलं पाणी लगेच थांबत नाही, आणि ते हलतंय तोवर कान मेंदूला सांगत राहतो की आपण फिरतोय. त्या नळ्यांशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात जेलीसारख्या थरावर अगदी सूक्ष्म कण बसवलेले असतात, शिंपल्याचं कवच ज्याचं असतं त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे. आपण सरळ आहोत की तिरके, लिफ्ट वर चाललीये की खाली, झोपाळा पुढं जातोय की मागं, हे त्या कणांच्या वजनामुळं कळतं.

कधीकधी त्यातले काही कण सुटतात आणि शेजारच्या नळीत घरंगळतात, जास्त करून मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली येते. मग तू डावीकडं वळलीस की ते कण नळीत खाली सरकतात, सरकताना पाणी हलवतात, आणि डावा कान ओरडतो की आपण जोरात फिरतोय. उजवा कान म्हणतो नाही, डोळे म्हणतात आपण तर अंथरुणात आहोत. या भांडणात मेंदूला मळमळतं. अर्ध्या मिनिटात कण तळाला बसतात, पाणी शांत, घर शांत. परत सरळ झालीस की परत थोडं. म्हणूनच ते ठराविक बाजूला, ठराविक हालचालीला आणि मोजून थोडाच वेळ होतं. डॉक्टर त्याला बीपीपीव्ही म्हणतात. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, गरोदरपणातही होतो, आणि अंगात डी व्हिटॅमिन कमी असलं तर परत परत होताना दिसलाय. आपल्याकडं एवढं ऊन असूनही डी कमी निघणाऱ्या बायका पुष्कळ, त्यामुळं डॉक्टरांना विचार की ते तपासायचं का. स्वतःच्या मनानं डीची पावडर आणून दुधात घालू नको.

आता घरच्यांचं. सासूबाईंचं लिंबूपाणी अगदीच चुकीचं नाही हं. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, पण रक्तवाहिन्या सैल पडतात, मधल्या महिन्यांत बीपी थोडं खाली राहतं, म्हणून उभं राहिलं की अंधारी येते, त्याला पाणी, सरबत, वेळेवर खाणं हाच उपाय. रक्ताचंही खरंय, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर असावं असं धरतात, तुझं थोडं कमी आहे, तर लोहाच्या गोळ्या नेमानं घ्यायच्याच. पण त्या चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर अजिबात नको, दोन्हींत दोन तास तरी अंतर ठेव, नाहीतर लोह अंगाला लागत नाही. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी असतं, २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत तो आकडा ५२ टक्के होता, त्यामुळं डॉक्टरांचं लक्ष आधी तिकडं जाणं साहजिकच आहे. पण रक्त कमी असलं तर दमायला होतं, धाप लागते, अंधारी येते. ते काही फक्त डावीकडं वळल्यावर तीस सेकंद येऊन जात नाही. म्हणजे तुला दोन गोष्टी एका वेळी असू शकतात, रक्तही थोडं कमी आणि कानातले कणही सुटलेले, आणि पहिली सापडली म्हणून दुसरी शोधायची थांबवू नये एवढंच मला म्हणायचंय.

मानेच्या एक्स-रेचं मात्र मी स्पष्टच सांगते, नको. आपल्याकडं गरगरलं की मान, मानेचा पट्टा आणि 'गॅप' हे ठरलेलं आहे, किती बायका वर्षभर पट्टा लावून बसल्या आणि दुखणं कानात होतं. तशी मान दुखत नसताना, हाताला मुंग्या नसताना गरोदरपणी उगाच एक्स-रे काढायचं काही कारण नाही. चुलत सासऱ्यांना सांग, डॉक्टरांनी सांगितलं तरच काढू.

पर्समधल्या गोळ्यांचं पण सांगते. तू त्या घेतल्या नाहीस हे फार बरं केलंस. चक्करच्या म्हणून मेडिकलमध्ये सर्रास ज्या मिळतात त्या गरोदरपणात डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, बीटाहिस्टीन असो की दुसरी कुठली. आणि दुसरं म्हणजे, नळीत अडकलेले कण गोळीनं जागेवर जात नाहीत. फार उलट्या होत असतील तर तेवढ्यापुरतं औषध गायनॅक देतात, तो वेगळा विषय.

मग कण जागेवर जातात कशानं? डोकं फिरवून. खरंच. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली आणि १९९२ साली छापून प्रसिद्ध केली. डोकं ठराविक कोनात ठराविक क्रमानं वळवायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबायचं, म्हणजे कण नळीच्या वळणावळणानं फिरत परत पिशवीत पडतात. दहा मिनिटांचं काम, सुई नाही, औषध नाही. बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो.

मला एक बाई कधीच विसरता येणार नाही. सहा-सात महिन्यांची गरोदर, मिरजेच्या बाजूच्या खेड्यातली. ओपीडीत आली ती डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी, मान ताठ, डोळे समोर, नवऱ्याशी बोलायचं तरी सगळं अंग वळवायची. बारा दिवस तिनं मान हलवली नव्हती. रात्री भिंतीला टेकून बसून झोपायची. घरात कुणी म्हणे बाहेरचं झालंय, कुणी म्हणे नाटक करतीये. डॉक्टरांनी तपासलं, मी तिच्या खांद्यामागं उशी धरली होती, तिनं माझं मनगट असं घट्ट पकडलं की बांगडी रुतली. गरगरलं, ओरडली, थांबलं. मग पुढची पायरी, मग त्याच्या पुढची. उठून बसली, दोन मिनिटं तशीच ताठ. मी म्हटलं आता दाराकडं बघ. तिनं आधी डोळे वळवले, मग हळूच मान, आणि मग दारात उभ्या असलेल्या सासूकडं बघून रडायलाच लागली. जाताना एवढंच म्हणाली, आज आडवी होऊन झोपणार.

गरोदर बाईला ही तपासणी आणि हा उपचार चालतो, फक्त थोडी काळजी घेऊन. वीस आठवड्यांनंतर जास्त वेळ सपाट उताणं झोपलं तर गर्भाशयाच्या वजनानं मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, घाम फुटतो, जीव घाबरतो, आणि ती आणखी तिसरीच चक्कर. म्हणून उजव्या कमरेखाली छोटी उशी देतात, मान फार खाली न लटकवता खांद्याखाली उशी घेतात, किंवा कुशीवर झोपवून करायची दुसरी पद्धत वापरतात. तुझं काम एवढंच की आधी सांगायचं, मला सहावा महिना आहे, सपाट झोपल्यावर घाबरायला झालं तर मी लगेच सांगेन. मोबाईलवर व्हिडिओ लावून एकटीनं घरी करू नको. कुठला कान, कुठली नळी हे आधी बघावं लागतं, आणि पहिल्या पायरीला जोरात गरगरतं तेव्हा धरायला कुणीतरी लागतं. एकदा डॉक्टरांनी किंवा फिजिओनं शिकवलं की मग घरी करायचं का ते तेच सांगतील.

साताऱ्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, सिव्हिलला केसपेपर काढून दाखवता येतं, माहेरी गेलीस तर मिरजेला सोय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, तिथंही सांगता येईल, ते पुढं चिठ्ठी देतात. तुमच्या आशाताईंना विचार, त्या तारखा आणि गाडी दोन्हीचं बघतात.

आणि जाताना एक गोष्ट घेऊन जा. शनिवारी नवरा येईल तेव्हा त्याला शेजारी बसव, डावीकडं हळू वळ, डोळे उघडे ठेव आणि गरगरायला लागलं की त्याला तुझ्या डोळ्यांचा मोबाईलवर जवळून व्हिडिओ घेऊ दे, खोलीत लाईट लावून. बुबुळं थरथरताना दिसतील. कानाचं दुखणं डोळ्यात दिसतं हे जगाला नीट समजावलं ते बारानी नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी, कान धुताना पाणी गार असलं की बुबुळं एकीकडं हलतात आणि कोमट-गरम असलं की उलटीकडं, हे त्यांच्या लक्षात आलं, त्या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. त्यामुळं तो दहा सेकंदांचा व्हिडिओ तुझ्या दहा वाक्यांपेक्षा डॉक्टरांना जास्त सांगेल. आणि हो, यावरूनच, कुणी प्रेमानं कानात कोमट तेल घालायला आलं तर नको म्हण. तेल आतल्या यंत्रापर्यंत जात नाही, उलट त्याच्या गार-गरमपणानं आणखी गरगरायचं.

झोपायचं आता. डाव्या कुशीवरच झोपलं पाहिजे हे सगळ्यांनी तुझ्या डोक्यात इतकं बसवलंय की तू रोज रात्री भीत भीत डावीकडं वळतीयेस. उजव्या कुशीवर झोप. चालतं. महत्त्वाचं काय तर शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे २८ आठवड्यांनंतर, झोपताना उताणं झोपायचं नाही, डावी की उजवी हे तुला जे सोसेल ते. डोक्याखाली दोन उशा घे, पाठीला एक लोड लाव. रात्री कूस बदलताना नुसती मान नाही, खांदे-कंबर सगळं एकत्र, हळू. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं, मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं.

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून बातमी घेतो, कान, डोळे आणि तळपाय. तुझा एक कान सध्या खोटी बातमी देतोय, रात्री अंधारात डोळे गेले की उरतात फक्त पाय, आणि पोट पुढं आल्यामुळं त्यांच्यावरचा भार बदललाय, सांधेही सैल झालेत. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या गरोदर बायकांची पाहणी झाली होती, त्यात साधारण चारातली एक बाई त्या दिवसांत कधी ना कधी पडली होती, आणि त्यातल्या सगळ्यांना काही कानाचं नव्हतं. म्हणून घरात एवढं कर. संडास-बाथरूमकडं जायच्या वाटेवर रात्रभर छोटा बल्ब चालू, लाईट गेली तर उशाशी बॅटरी. शहाबादी फरशी ओली असली की काचेसारखी होते, तिथं खरखरीत पायपुसणं टाक, आणि झिजलेली स्लीपर फेकून दे. वरच्या फळीवरचं रोजचं सगळं खाली घे, चहा-साखर, पोह्यांचा डबा, जे मान वर करून काढावं लागतं ते. दोरीवर कपडे वाळत घालायचं काम दोन आठवडे दुसऱ्या कुणाकडं. खाली काही पडलं तर वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, मान सरळ ठेवून.

हे सगळं तुझ्या वर्णनाला धरून सांगितलं. पण काही वेळा थांबायचं नसतं, ते तू आणि तुझ्यासारख्या सगळ्याजणींनी नीट वाचा. गरगरणं तासन्तास चालूच राहिलं, बोलताना जीभ जड झाली, एकाची दोन दिसायला लागली, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, उभंच राहता येईना, तर १०८ ला फोन. एका कानानं अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडं, त्यात आठवडा घालवला तर ऐकणं परत यायची संधी कमी होते. आणि पाचव्या महिन्यानंतर जोराची डोकेदुखी, डोळ्यापुढं चमकणं किंवा धूसर दिसणं, तोंडावर-हातावर एकदम सूज, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणं, बीपी १४०/९० किंवा वर, यातलं काही असेल तर कानाचा विचारसुद्धा करायचा नाही, सरळ दवाखाना, रात्र असली तरी. पोटावर पडलीस, रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तरीही तेच.

आता तुझा खरा प्रश्न. मला वाटतं तू मला कानाचं विचारायला लिहिलंच नाहीस, तू विचारतीयेस की सांगितलं तर माझी नोकरी जाईल का. मी माझं सांगते. माझ्या दुसऱ्या वेळी मला असंच व्हायचं, नाईट ड्यूटी होती, मी कुणाला बोलले नाही कारण ड्यूटी बदलली तर भत्ता जाणार होता. एकदाच एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बाळंतपणानंतर जाईल. मी चार महिने भिंत धरून वॉर्डात चालले. पोरगी जन्मल्यावरही गेलं नाही, शेवटी ज्या ओपीडीत मला पुढं काम करायचं होतं तिथंच दहा मिनिटांत गेलं. ते चार महिने मला आजही परत हवेत, त्या गरोदरपणातलं मला भिंतींशिवाय फारसं काही आठवत नाही.

तू धरून चाललीयेस की सांगितलं म्हणजे घरात बसवणार. पण बघ, तू काय सांगतेस त्यावर आहे. 'मला चक्कर येते' असं सांगितलंस तर नक्की घरी बसवतील, कारण चक्कर म्हणजे अशक्तपणा, अशक्तपणा म्हणजे आराम. 'माझ्या डाव्या कानातले कण सुटलेत असं वाटतंय, त्यावर दहा मिनिटांचा उपचार आहे, तो होईपर्यंत मी एसटीनं जाते' असं सांगितलंस तर त्यात दुखण्याचं नाव आहे, मुदत आहे आणि तुझा बेतही आहे. सासूबाईंना आधी सांग, नवऱ्याच्या आधी. त्या लिंबूपाणी करून देतायत म्हणजे त्यांचं लक्ष आहे, त्यांनाच दवाखान्यात बरोबर ने. मानेला धरून बसलेली सून आणि दहा मिनिटांनी मान वळवणारी सून त्यांनी स्वतः बघितली की नोकरीवरून वाद घालायला फारसं उरत नाही. आणि ऑफिसमध्ये मॅनेजरना सांग, काउंटरच्या मागच्या उंच रॅकवरची रजिस्टरं कुणीतरी खाली काढून द्या, एवढंच. प्रसूती रजा पहिल्या बाळाला २६ आठवडे कायद्यानं आहे, त्यातले ८ आठवडेपर्यंत आधी घेता येतात, दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं ती द्यावीच लागते. चक्कर येते म्हणून ती कमी होत नाही आणि तुला काढूनही टाकता येत नाही. पण ती आत्ताच वापरायची गरज नाही.

माहेरची आईही बोलवत असेल, तू तसं लिहिलं नाहीस पण एवढ्यात बोलावणं आलं असणार. चार दिवस गेलीस तर ती वेगळी गोष्ट, पण तपासणी न करता निव्वळ लपवायला म्हणून जाऊ नको.

राहिला झोपाळा. झोपाळ्यानं कण सुटत नाहीत, बाळालाही काही होत नाही. तपासणी होऊन गरगर थांबली असेल तर आठवडाभर जाऊ दे आणि खुशाल बस, झोका अगदी हलका, पाय जमिनीला टेकतील एवढाच उंच, शेजारी नणंद किंवा मैत्रीण, आणि नजर समोरच्या एका माणसावर, फोटो काढणाऱ्यांसाठी सारखी इकडं-तिकडं मान नको. थांबली नसेल तर झोपाळ्याच्या कड्या बांधून टाका, हलायचा नाही, फुलं तेवढीच छान दिसतात. नाहीतर चांदण्यातलं किंवा नावेतलं डोहाळजेवण करा, चंद्रकोर पुठ्ठ्याची होते, नाव पाटावर होते. फुलांचा मुकुट हलका करायला सांग, जड झाला की मान आखडते. आणि ओटी भरून झाल्यावर ज्या पंधरा-वीस जणी असतील त्या सगळ्यांच्या पायाशी वाकायचं नाही. बसूनच हात जोड. आधीच सासूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं तर कुणाला वाईट वाटायचं नाही, म्हणून तर त्यांना बरोबर ने म्हणतीये.

तपासणी झाली की कुठला कान निघाला, डावा का उजवा, तेवढं मला कळव.